चाराच्या झाडाला स्टे

टेकूला इंग्रजीत काय म्हणतात, हे लटारू मास्तरांना छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकाही विद्यार्थ्यानं विचारलं नव्हतं. कोणी विचारलं असतं तर मास्तरांनी वहीत कुठेतरी टिपून ठेवलं असतं आणि पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण विद्यार्थ्यांनी विचारलं नाही. विचारलं ते सरकारनं, मास्तर निवृत्त झाल्यावर, आणि उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत घालून.

आता सरकार काही ओट्यावर येऊन असं विचारत नाही. आधी नोटीस येते. मास्तरांच्या फाटकाला एका सकाळी ती डिंकानं चिकटवलेली सापडली. आवारातील वृक्ष रस्त्याकडे धोकादायकरीत्या कलला आहे, तो पंधरा दिवसांत काढावा. मजबुतीकरणाचा प्रस्ताव असल्यास ऑनलाइन सादर करावा. अन्यथा कार्यालय स्वतः वृक्ष काढील. खाली सही होती आणि सहीवर शिक्का असा बसला होता की दोन्ही वाचता येऊ नयेत. मास्तरांनी खिशातून पेन काढून 'धोकादायकरीत्या'मधली वेलांटी दुरुस्त केली आणि मगच ती नोटीस घरात नेली.

वृक्ष म्हणजे चाराचं झाड, गावच्या बोलीत नुसतं चार. ज्याच्या बियांतून चारोळी निघते आणि उन्हाळ्यात ज्याला काळीजांभळी, गोडसर चारं लागतात, ते. गडचिरोलीहून एस.टी.नं तासाभरावर असलेल्या त्या गावात जंगल आता गावाबाहेर सरकलं होतं, पण हे एक झाड कुंपणाच्या आत विसरून राहिल्यासारखं राहिलं होतं. मागच्या वर्षीच्या वावधनात, वादळी वाऱ्यात, ते कललं आणि तेव्हापासून रस्त्यावर वाकून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करत असल्यासारखं उभं होतं. भामरागडची बस जाताना टपावर पानं घासून जात. एवढाच त्याचा गुन्हा.

मास्तरांच्या बायकोचे, मनकर्णाबाईंचे, गुडघे तीन वर्षांपूर्वी कामातून गेले. दारापासून झाडापर्यंत अकरा पावलं होती, आणि त्या अकरा पावलांइतकंच आता त्यांचं गाव उरलं होतं. दुपारी चार वाजता त्या गुडघ्यांना पट्टे बांधून निघत, झाडाखालच्या खाटेवर बसत, आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकीशी बोलत. सूर्य कलल्यावर परत. झाड गेलं तर त्या जागी ऊन येणार, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या मे महिन्यातल्या उन्हात खाट टाकून कोणी बसत नाही. मग मनकर्णाबाई घरातच राहणार, भिंतीकडे बघत. मास्तरांना हे स्पष्ट दिसत होतं. पण तसं ते बायकोला म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "नोटिशीत तीन चुका आहेत."

शेजारचे पत्रूभाऊ एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले होते आणि जगातल्या सर्व अडचणींकडे ते स्टिअरिंगमागून बघत. त्यांनी झाडाला एक फेरी मारली, बुंध्याला टायर तपासावा तशी लाथ मारली आणि निदान केलं.

"अलायमेंट गेली गा मास्तर याची. मांगून वायरनं ओढून बांधाले लागते."

"मागे विजेचा खांब आहे, पत्रूभाऊ."

"मंग त्यालेच बांधा. तो बी सरकारी, नोटीस बी सरकारी. तिकडचं ते तिकडे पाहून घेतीन."

समोरच्या घरातल्या म्हातारीनं सांगितलं की झाडाला शेंदूर लावा, मग कोणाची छाती होणार नाही. आणखी एकानं, झाड रस्त्यावर नाही, रस्ताच झाडाखाली आला आहे, असं लिहून द्यायला सांगितलं. हे मास्तरांना मनापासून पटलं होतं, पण ऑनलाइन फॉर्ममध्ये अशा विचारांना जागा नसते, हे त्यांना दुसऱ्या दिवशी निकेशच्या सेतू केंद्रात कळलं.

निकेशनं फॉर्म उघडला. नाव, गाव, झाडाची जात असं सगळं सुरळीत गेलं. मग एक रकाना आला. प्रस्तावित मजबुतीकरणाचा प्रकार, फक्त इंग्रजीत, एका शब्दात.

"सपोर्ट टाकू का सर?" निकेशनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता तीन अक्षरं दाबलीसुद्धा.

"थांब," मास्तर म्हणाले.

इथे मास्तरांचा स्वभाव सांगायला हवा. सपोर्ट या शब्दाचा त्यांना राग होता. गुडघ्याचा पट्टा म्हणजे सपोर्ट. सरपंचाला बारा जणांचा सपोर्ट. पत्रूभाऊंच्या मोबाइलला नवीन अॅप सपोर्ट करून नाही राह्यलं. ज्या शब्दाला गावातली शेळीसुद्धा ओळखते, तो शब्द इंग्रजीच्या शिक्षकानं सरकारदरबारी लिहायचा म्हणजे छत्तीस वर्षं पाण्यात. झाड झाडासारखं आहे, त्याला शब्दही तोलामोलाचा पाहिजे.

"मी पाहून सांगतो," असं म्हणून ते घरी आले. फॉर्म निकेशच्या संगणकात अर्धवट राहिला, आणि मुदतीतले दोन दिवस गेले.

पुढचे चार दिवस मास्तरांनी झाडाखाली काढले, मांडीवर शब्दकोश घेऊन. तो शब्दकोश उशीएवढा जाड होता आणि दुपारी दोननंतर त्याचा उपयोगही बहुधा तोच होई. उन्हानं समोरचा रस्ता पाण्यासारखा हलायचा. बुलबुल चारं खायचे आणि अर्धी खाऊन टाकायचे, ती टपकन पानावर पडायची आणि एखाद्या शब्दावर जांभळा डाग उठायचा. मास्तर डाग पुसत, पडलेलं चार तोंडात टाकत आणि पुढचा शब्द वाचत. वाचता वाचता डोळा लागे. मग शब्द पानांवरून उतरून रस्त्यानं चालू लागत.

पहिला आला प्रॉप. तो नाटकमंडळीतल्या सामानवाल्यासारखा दिसत होता, काखेत लाकडी तलवार, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट. मास्तर म्हणाले, तू नको, तू खोट्या वस्तूंचा माणूस. मग आला ब्रेस, तो हसला तर दातांना तार. मागून बोल्स्टर आला आणि आल्याबरोबर खाटेवर आडवा झाला, कारण तो जातीचा लोड, तक्क्याचा भाऊ. बट्रेस मोठा दांडगा होता, दगडी, कुठल्यातरी चर्चच्या भिंतीवरून थेट उठून आलेला, आणि त्याला फाटकातून आत येता येईना. शोअर आला तेव्हा त्याच्या पायाला वाळू होती आणि मागे समुद्राचा आवाज येत होता. मास्तरांनी समुद्र एकदाच पाहिला होता, शाळेच्या सहलीत, मुलं मोजत. त्यांना वाटलं, याला ठेवून घ्यावं. इतक्यात भामरागडची बस आली, टपावर पानं घासली आणि समुद्र निघून गेला.

"काय जी, सापडला का शब्द?" मनकर्णाबाईंनी पट्टे सोडत विचारलं.

"पाच सापडले. पण एकही जसाच्या तसा बसत नाही."

"टेकू म्हना ना सरळ."

"टेकू इंग्रजी नाही, मयुरीची माय." मयुरी म्हणजे त्यांची मुलगी, नागपुरात दिलेली. गंभीर प्रसंगी मास्तर बायकोला याच नावानं हाक मारत.

सहाव्या दिवशी तो सापडला. बरंच पुढे, एस या अक्षरात, थांबणे, राहणे, मुक्काम करणे असे सगळे अर्थ ओलांडल्यावर सातव्या क्रमांकाला बारीक टाइपात लिहिलं होतं: स्टे, नाम, आधार, टेकू, धीर. मास्तर खाटेवर उठून बसले. एवढासा शब्द, आणि त्यात टेकूही होता, थांबणंही होतं. झाडानं थांबावं म्हणून द्यायचा तो स्टे. इंग्रजांनी आयुष्यात एक काम बरं केलं होतं. त्या दुपारी मास्तर इतके खूश होते की त्यांनी मनकर्णाबाईंचा हात धरून त्यांना अकरा पावलं स्वतः नेलं आणि वाटेत त्या शब्दाची व्युत्पत्ती सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली.

निकेशनं स्टे टाइप केलं. त्याची भुवई जरा वर गेली, आवाज एकदम आदराचा झाला.

"स्टे आहे का सर? मंग काई टेन्शन नाई."

मास्तरांना वाटलं, पोरगा शिकला. फॉर्म गेला.

तीन दिवसांनी उत्तर आलं. स्टेची प्रत जोडावी, आणि झाडांच्या संख्येबाबत खुलासा करावा. मास्तरांना दोन्हीतलं काहीच कळलं नाही. टेकूची प्रत कशी जोडतात? दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ते गडचिरोलीला गेले, शब्दकोश पिशवीत घालून, आणि बारा वाजता नोटीस काढणाऱ्या कार्यालयातल्या प्रफुल्लबाबूंच्या टेबलासमोर उभे राहिले. बाबूंनी त्यांना बसायला खुर्ची दिली. सरकारी कार्यालयात आपल्याला खुर्ची मिळाली म्हणजे काहीतरी घोटाळा आहे, हे मास्तरांच्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

"स्टे कोन्या कोर्टाचा आहे सर?" बाबूंनी विचारलं. "इथला का नागपूरचा?"

मास्तरांच्या डोक्यात दिवा लागायला थोडा वेळ गेला. बाहेर उसाच्या रसाचं घुंगरू वाजत होतं. सातव्या क्रमांकाचा अर्थ गडचिरोलीत कोणी वाचला नव्हता. इथे स्टे एकच, कोर्टातून आणतात तो. जमिनीवर आणतात, बदलीवर आणतात, भावाच्या भिंतीवर आणतात. आणि मास्तरांनी तो झाडावर आणला होता.

"बाबूजी, स्टे म्हणजे," त्यांनी पिशवीत हात घातला, "शब्दकोशात बघितलं तर..."

"सर, मले नका शिकवू," प्रफुल्लबाबू प्रेमानं म्हणाले. "सतरा वर्षं झाले या टेबलावर. स्टे म्हंजे काय ते माह्याइतकं कोनालेच नाई माहीत. स्टे आहे तं आमी हात नाई लावत. पन प्रत पायजे. शनिवारी मॅडम पाहनीले येऊन राह्यल्या. प्रत दिसली तं ठीक, नाई तं ट्रॅक्टर अन् मानसं संगंच आहेत, त्याच दिवशी झाडं उतरवतीन."

"झाडं?"

"चार आहेत ना? तुमीच तं लिहिलं." बाबूंनी कागद फिरवला. झाडाची जात या रकान्यात मास्तरांनी चार लिहिलं होतं, ते कोणीतरी शहाण्यानं संख्येत नेलं होतं. "नोटीस एकाची, तुमी लिहिले चार. बाकीचे तीन कुठी आहेत ते दाखवाले लागन."

बसमध्ये मास्तर खिडकीशी बसले. सागाची पानगळ झालेलं जंगल दोन्ही बाजूंनी मागे पळत होतं आणि त्यातली तीन झाडं शोधत मास्तर पेंगत होते. त्यांच्या मनाला लागलं होतं ते वेगळंच. त्यांचं इंग्रजी बरोबर होतं. पूर्ण बरोबर होतं. आयुष्यभर इतरांचं इंग्रजी चुकलं आणि त्यांनी दुरुस्त केलं. आज आपलं बरोबर असूनही चूक ठरलं होतं, आणि दुरुस्त करायला खडूसुद्धा हातात नव्हता.

गावात ते पोचायच्या आत बातमी पोचली होती, कारण निकेशला तोंड होतं. मास्तरांनी हायकोर्टातून स्टे आणला. पत्रूभाऊ फाटकाशी उभेच होते.

"सांगितलं नाई गा कोनाले. एवढं मोठं काम केलं चुपचाप." त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदाच मास्तरांविषयी मान दिसत होता. "माह्या साल्यानं बांध कोरला आहे तिकडे, त्याच्यावर बी एक आनून द्या ना."

संध्याकाळपर्यंत अंगणात सात जण आले. कोणाची बदली, कोणाची भिंत, एकीला तर नवऱ्याच्या पिण्यावर स्टे पाहिजे होता. मास्तर सांगायला तोंड उघडत आणि समोरचा हात जोडी. छत्तीस वर्षं शिकवून जो मान मिळाला नव्हता, तो एका चुकीच्या अर्थानं चार तासांत मिळाला. खरं सांगायचं तर तो मान त्यांना थोडा आवडलाही. मग खाटेकडे लक्ष गेलं आणि शनिवार आठवला.

शेवटी गुरुवारी दुपारी त्यांनी मनकर्णाबाईंना सगळं सांगितलं. शब्द कसा शोधला, तो किती अचूक होता, बाबूनं त्याचं काय केलं, चाराचे चार कसे झाले. मनकर्णाबाई गुडघे चोळत ऐकत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"मंग टेकू कुठी आहे?"

मास्तरांनी झाडाकडे पाहिलं. झाड जसं होतं तसंच रस्त्यावर वाकलेलं होतं. तेरा दिवस झाले होते, आणि त्याला टेकू द्यायचा राहून गेला होता.

 मनकर्णाबाईंनी रस्त्यानं जाणाऱ्या एका बाईला हाक मारून निरोप धाडला आणि शुक्रवारी सकाळी चैतू बैलबंडी घेऊन हजर झाला. चैतू जंगलाकडच्या टोल्यावरचा, छोट्या वस्तीवरचा, गोंड शेतकरी, बोलायला कंजूष. बंडीत बाभळीचं एक जाडजूड बेचकं होतं, त्याच्या बांधावर वाऱ्यानं पडलेल्या झाडाचं. मास्तरांनी त्याला वजन, कोन आणि गुरुत्वमध्य याबद्दल थोडं सांगितलं. चैतूनं झाडाच्या सालीवर तळवा ठेवला आणि झाड कुठे भार टाकतं ते चाचपलं.

"सरळ खांब टोचते त्याले," तो म्हणाला. "बेचक्यात आपून आपून टेकते. मधात पोतं घालाले लागते, साल सोलन नाई."

एवढं बोलून त्यानं हातभर खोल खड्डा खणला, खाली सपाट दगड बसवला, बेचक्यात गोणपाट दुमडून घातलं, आणि पत्रूभाऊ आणि मास्तर यांना फांदीखाली खांदा द्यायला लावला. झाड किंचित उचललं गेलं, पानं सळसळली, दहावीस चारं मास्तरांच्या टकलावर पडली. बेचकं खाली सरकलं, आणि झाड त्यावर हळूच टेकलं. दमलेलं माणूस खाटेवर टेकतं तसं.  

शनिवारी अकराला जीप आली, मागे ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवर चार माणसं आणि कटर. अर्धं गाव स्टे बघायला जमलं होतं. जीपमधून स्वाती मॅडम उतरल्या. घाटावरच्या होत्या, तरुण, उन्हानं लाल झालेल्या, हातात मास्तरांची फाइल.

"सर, स्टे ऑर्डरची प्रत?"

मास्तरांनी गावाकडे पाहिलं. हात जोडणारे सातही जण होते. पत्रूभाऊ छाती काढून उभे होते. मग त्यांनी दाराकडे पाहिलं. मनकर्णाबाई एकट्याच निघाल्या होत्या, पट्टे बांधून, हातात पानांचा द्रोण, एकेक पाऊल टाकत. मास्तरांना पुढे होऊन हात द्यावासा वाटला, पण मॅडम उत्तराची वाट बघत होत्या.

"प्रत नाही," मास्तर म्हणाले. आवाज वर्गात लागायचा तसा लागला, मागच्या बाकापर्यंत. "कोर्टाचा स्टे नाहीच. मी कोर्टात गेलोच नाही. मी टेकू या अर्थानं लिहिलं होतं." त्यांनी शब्दकोश उघडून पुढे केला. "सातवा अर्थ. चूक माझी नाही, पण खुलासा आधी करायला हवा होता, तो मी केला नाही. लोक मान देत होते."

 पत्रूभाऊंची छाती हळूहळू जागेवर आली.

मॅडमनी ते पान वाचलं. जांभळ्या डागांसकट. मग त्या टेकूपाशी गेल्या, दोन्ही हातांनी बेचकं हलवून पाहिलं, मग खांदा लावून ढकललं. हललं नाही. खाली वाकून दगड पाहिला, गोणपाट पाहिलं. झाड कुठवर आलं ते रस्त्याच्या कडेनं पावलं टाकून मोजलं. ट्रॅक्टरवरच्या माणसानं कटर उचललं, तेव्हा त्यांनी नुसता हात वर केला.

"आणि बाकीची तीन झाडं?"

"घ्या बाई," मनकर्णाबाई पोचल्या होत्या. धाप लागलेली, पण द्रोण सरळ होता. "हे चारं. एकाच झाडाचे आहेत, पायजे तितके मोजा."

मॅडमनी एक तोंडात टाकलं. मग दुसरं. मग त्या हसल्या, आणि खाटेवर टेकून मांडीवर फाइल घेऊन लिहू लागल्या. मास्तर त्यांच्या खांद्यावरून वाचत होते आणि वाचता वाचता अस्वस्थ झाले.

"मॅडम, आपण स्टे असंच लिहिताय. कार्यालयात गैरसमज कायम राहील. तो शब्द काढून सपोर्ट लिहा हवं तर." हे बोलताना त्यांना किती कष्ट पडले ते त्यांनाच ठाऊक.

"सर, शब्द बदलला तर नवा प्रस्ताव. नवा प्रस्ताव मंजूर होईपर्यंत जुनी नोटीस लागू, आणि तिची मुदत आज संपते." मॅडमनी वर पाहिलं. "आणि मी चूक काय लिहिलं? स्टे म्हणजे टेकू, तुम्हीच आत्ता दाखवलंत."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडून प्रफुल्लबाबूंचा आवाज सगळ्या अंगणाला ऐकू आला. स्टे खरंच आहे का मॅडम?

"आहे," मॅडम म्हणाल्या. "मी स्वतः हात लावून पाहिला. चांगला भक्कम आहे. झाड एकच आहे, जात चार. तसं दुरुस्त करून घ्या."

जीप गेली, मागून रिकामा ट्रॅक्टर गेला. गावातले लोक थोडे हिरमुसून, थोडे हसत पांगले. पत्रूभाऊ जाताना मास्तरांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "कोर्टाचा असता तं तारीख लागली असती गा." कटरवाल्या चौघांनीही जाताना मूठमूठ चारं नेली होती.

मास्तर उभेच होते.  मनकर्णाबाई खाटेवर बसून पट्टे सैल करत होत्या आणि भामरागडकडून येणाऱ्या बसकडे बघत होत्या.

"काय लिहिलं जी तिनं?"

"टेकू आहे म्हणून लिहिलं."

त्यांनी मान हलवली. मग पाय लांब केला, तो बेचक्याला लागला, तसा मागे घेतला.

"उद्या ही खाट जराशी तिकडे सरकवजा," त्या म्हणाल्या. "मले रोज बसाले लागते इथी."

मास्तरांनी उद्याची वाट पाहिली नाही. मनकर्णाबाई बसलेल्या असतानाच त्यांनी खाटेचे पाय धरले आणि खाट वीतभर सावलीत सरकवली.